कॉफीची भूमी आणि कॉफीची चव

कोकणातल्या हापूस आंब्याचे कलम घाटावर नेऊन लावले, तर ते जगते, वाढते, कालांतराने फळही धरते. परंतु कोकणचा आंबा ज्याने खाल्ला आहे, तो मनुष्य त्या फळाची पहिली फोड तोंडात टाकताच थबकतो. झाड तेच, पान तेच, नावही तेच. मात्र देवगडच्या किंवा रत्नागिरीच्या फळात जे होते, ते यात उतरलेले नसते. माणसाला जसा गाव असतो, तसा चवीलाही गाव असतो, ही गोष्ट मराठी माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. परंतु हापूसविषयी जे इतके सहज पटते, ते कॉफीविषयी फारसे कोणाच्या मनात येत नाही. कॉफी घरात येते ती डब्यातून किंवा पुडीतून, दळलेली, काळसर, ओळख हरवलेली. ती कोणत्या डोंगरावर पिकली, किती उंचीवर, कोणत्या झाडाच्या सावलीत, हे दुकानदारास विचारण्याची रीत नाही. आणि विचारलेच, तर तो सांगू शकेल अशी खात्रीही नाही.

वास्तविक कॉफी हेही एक फळच आहे. हिरवेगार, चकचकीत पानांचे झुडूप, फांदीला चिकटून आलेले फळांचे घोस, पिकल्यावर करवंदाएवढे लालभडक फळ, आणि त्याच्या पातळ गोड गराच्या आत सपाट बाजू एकमेकींना लावून बसलेल्या दोन बिया. ह्या बियांना मराठीत बुंद म्हणतात, आणि त्या शब्दात अरबी भाषेतील 'बुन्' अजून ऐकू येतो. कच्च्या बुंदाला कॉफीचा वास नसतो. हिरवट, कठीण, गवतासारखा किंचित दर्प असलेला तो एक दाणा असतो. त्याला जेव्हा भट्टीची आच लागते, तेव्हा त्यातील साखर, आम्ले आणि प्रथिने ह्यांच्या परस्परसंयोगाने शेकडो सुगंधी द्रव्ये जन्म पावतात. परंतु भाजणारा आपल्या पदरचे काही त्यात घालीत नसतो. झाडावर असताना बीने जे साठविले, तेच तो उघड करतो. मग प्रश्न उरतो तो असा, की हा साठा बीला देतो कोण? आणि एका भूमीतल्या साठ्याहून दुसऱ्या भूमीतला साठा निराळा का असतो?

ह्या प्रश्नाला धार येते ती कॉफीच्या इतिहासामुळे. कॉफीच्या दोन जाती व्यापारात महत्त्वाच्या आहेत: अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिकाचे मूळ घर म्हणजे इथिओपियाचे उंच जंगल. तेथून ती येमेनमध्ये आली, आणि येमेनने तिचे बी शतकानुशतके जपून ठेवले. परंपरा अशी सांगते, की सतराव्या शतकात बाबा बुदन ह्या सूफी सत्पुरुषाने मक्केच्या यात्रेहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणल्या आणि आजच्या कर्नाटकातील चिकमगळूरजवळच्या डोंगरात त्या पेरल्या. त्या डोंगराला पुढे त्यांचेच नाव पडले. मलबार किनाऱ्यावरून डच व्यापाऱ्यांनी १६९९ साली कॉफीची रोपे जावा बेटावर नेली. तेथून एक रोप १७०६ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या वनस्पतिउद्यानात पोहोचले. आणि त्याच्या वंशातील एक रोप १७१४ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईला नजर करण्यात आले. अमेरिका खंडातील जुन्या मळ्यांपैकी पुष्कळसे मळे अशाच मूठभर झाडांचे वंशज आहेत. शिवाय अरेबिकाचे फूल स्वतःच्याच परागाने फळ धरते, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या वाण फारसा बदलत नाही. म्हणजे निसर्गाने आणि व्यापाराने मिळून एक विशाल प्रयोगच मांडला: जवळजवळ एकच बी, आणि त्याला दिलेल्या शेकडो निरनिराळ्या भूमी. फळ मात्र एकसारखे आले नाही.

ह्या भिन्नतेचे पहिले कारण उंची हे होय. डोंगर चढत गेले, की दर हजार मीटरला तापमान सुमारे सहा अंशांनी उतरते. थंड हवेत फळ सावकाश पिकते. अरेबिकाला फुलापासून पक्व फळापर्यंत साधारण आठ ते नऊ महिने लागतात. उंचावर हा काळ लांबतो, सखल उष्ण भागात तो आटोपता होतो. काळ लांबला म्हणजे बी भरण्यास सवड मिळते. दाणा घट्ट होतो, त्यात साखर अधिक साठते, आणि पेल्यात उतरताना तो एक प्रकारचा तजेलदार आंबटपणा बरोबर आणतो. हा आंबटपणा दोष नव्हे. संत्र्याला त्याचा आंबूस अंश नसता, तर ते नुसते गोड पाणी झाले असते. उत्तम कॉफीतील आंबटपणाही त्याच जातीचा. केनिया पर्वताच्या उतारावर, सुमारे दीड हजार मीटरांच्या वर पिकणारी कॉफी ह्या गुणासाठी जगभर ओळखली जाते. तिच्यात काळ्या मनुकांसारख्या बोरवर्गीय फळांची तीव्र, रसरशीत आठवण असते. इथिओपियातील यिर्गाचेफे भागाच्या धुतलेल्या कॉफीत मोगऱ्यासारखा फुलांचा आणि लिंबाच्या सालीचा गंध येतो.

परंतु उंची म्हणजे सर्वस्व नव्हे. विषुववृत्तापासून दूर गेले की कमी उंचीवरही थंडी भेटते. ब्राझील हा जगातील सर्वांत मोठा कॉफी उत्पादक देश. तेथील पुष्कळसे मळे केनियाच्या मानाने बऱ्याच खाली आहेत, आणि तरीही तेथे उत्तम अरेबिका पिकते. तिचा स्वभाव मात्र निराळा: आंबटपणा थोडा, अंग भरदार, चवीत शेंगदाणा-बदामाचा खमंगपणा आणि कोकोची छटा. तेथे पावसाळा आणि कोरडा हिवाळा ह्यांची वाटणी स्पष्ट असल्याने फळे एकदम पिकतात आणि उघड्या अंगणात उन्हावर वाळविता येतात. त्याच हिवाळ्याची दुसरी बाजूही आहे. जुलै १९७५ मध्ये पाराना प्रांतात असा तुषारपात झाला, की तेथील कॉफीची झाडे एका रात्रीत काळी पडली. जी थंडी चवीला उपकारक, तीच मर्यादा ओलांडली की झाडाची वैरीण ठरते.

मातीविषयी मात्र थोडे सावधपणे बोलावे लागते. ज्वालामुखीच्या मातीत कॉफी उत्तम येते असे म्हणतात, आणि ते खरेही आहे. पण माती आपला स्वाद मुळांवाटे जशाचा तसा फळात ओतते, ही समजूत टिकणारी नाही. अशा मातीचा मुख्य गुण असा, की ती भुसभुशीत असते, पाणी धरते पण साचू देत नाही, आणि खनिजांनी समृद्ध असते. मुळे निरोगी राहिली म्हणजे झाड निश्चिंतपणे फळ पोसते. त्याचप्रमाणे मिरीच्या वेलाशेजारी वाढलेल्या कॉफीला मिरीचा, संत्र्याशेजारच्या कॉफीला संत्र्याचा वास लागतो, ही कल्पना काव्यमय असली, तरी उभ्या झाडाच्या बाबतीत तिला आधार नाही. वाळलेला बुंद मात्र फार हळवा असतो. वखारीत त्याच्याशेजारी मसाल्याची पोती ठेवली, तर तो तो वास खरोखरच शोषून घेतो. म्हणून जाणता बागाईतदार झाडांना एकत्र वाढू देतो, पण पोती मात्र वेगळी ठेवतो.

भूमीइतकाच वाणालाही मान द्यावा लागतो, आणि दोघांची जोडी जमावी लागते. ह्याचे बोलके उदाहरण पनामा देशात घडले. गेशा नावाचे एक वाण १९३० नंतरच्या दशकात इथिओपियातून गोळा करण्यात आले, पूर्व आफ्रिकेतील संशोधन केंद्रांतून कोस्टारिकात गेले, आणि तेथून पनामात आले. त्याचे उत्पन्न थोडे, फांद्या नाजूक. म्हणून ते अनेक वर्षे दुर्लक्षितच राहिले. पुढे बोकेते भागातील एका बागेत हे झाड अधिक उंचावरच्या तुकड्यात लावलेले होते. तेथील फळे वेगळी काढून २००४ साली स्पर्धेत ठेवली, तेव्हा परीक्षकांना त्या पेल्यात जाईच्या फुलांचा दरवळ मिळाला. गुण वाणातच होता. परंतु त्याला बोलते केले ते उंचीने आणि थंडीने.

आता हा धागा हातात धरून भारताकडे वळू. महाराष्ट्राच्या घाटमाथ्यावरून दक्षिणेकडे निघालेला सह्याद्री कर्नाटकात शिरल्यावर अधिक उंच होतो. कळसूबाई १,६४६ मीटर उंच. चिकमगळूरची मुळ्ळय्यनगिरी सुमारे १,९३० मीटर. ह्याच उंचवट्याच्या कुशीत बाबा बुदनगिरीचे डोंगर आहेत आणि तेथेच भारतीय कॉफीचा उगम. दक्षिणेस कोडगू म्हणजे जुने कूर्ग, त्याखाली केरळातील वायनाड, मग निलगिरी, शेवरॉय, पळणीचे डोंगर, आणि पार पूर्वेला आंध्र प्रदेशातील अरकूचे खोरे. देशात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे सत्तर टक्के एकट्या कर्नाटकात पिकते. महाराष्ट्रात कॉफीचे नाव निघते ते विदर्भातील चिखलदऱ्याच्या संदर्भात. सातपुड्याच्या त्या थंड माथ्यावर इंग्रजी अमलात लावलेल्या कॉफीने आपले लहानसे अस्तित्व टिकवून ठेवले आहे.

भारतीय कॉफीचे खरे वैशिष्ट्य म्हणजे सावली. ब्राझीलमधील मळे बहुधा उघड्या उन्हात उभे असतात. भारतातील बाग दुरून पाहणाऱ्याला जंगलच वाटते. वर फणस, उंबर, शिसवी ह्यांसारख्या मोठ्या वृक्षांचे छत; त्याखाली पांगाऱ्याचे दुसरे छत; वृक्षांच्या खोडावर चढलेले मिरीचे वेल; आणि तळाशी कॉफीची झुडपे. येथील अरेबिका साधारणतः एक हजार ते दीड हजार मीटर उंचीवर घेतली जाते. केनिया-इथिओपियाच्या मानाने ही उंची बेताचीच. पण जे डोंगराने पुरते दिले नाही, ते वृक्षांनी भरून काढले. छायेत हवा थंड राहते, आणि फळ पुन्हा सावकाश पिकू लागते. कोस्टारिकात झालेल्या संशोधनातही असेच आढळले, की सावलीतील फळे पक्व होण्यास महिनाभरापर्यंत अधिक काळ घेतात आणि त्यांचे दाणे अधिक भरतात. भारतीय अरेबिकाचा सौम्य आंबटपणा, तिचे भरीव अंग आणि मसाल्याची पुसट छटा, हे सारे ह्या सावलीत घडलेले आहे.

हे घडण्यास पावसाचे वेळापत्रकही तितकेच नेमके असावे लागते. मराठी शेतकरी ज्याला वळवाचा पाऊस म्हणतो, त्याच्या आसपासच्या दिवसांत, फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, कॉफीच्या डोंगरांत फुलोऱ्याच्या सरी येतात. कोरड्या दिवसांत झाडावरच्या कळ्या जणू श्वास रोखून असतात. एक चांगली सर पडली, की आठदहा दिवसांत सारा डोंगर पांढऱ्या फुलांनी झाकला जातो आणि जाईसारखा गंध दरीभर पसरतो. हा सोहळा दोनतीन दिवसांचाच. त्यानंतर काही आठवड्यांनी आधाराची दुसरी सर हवी, मग जूनपासून मुसळधार पावसाळा, आणि नोव्हेंबरपासून काढणीसाठी कोरडे, निरभ्र दिवस. ह्या साखळीतील एक कडी निखळली, तर त्या वर्षीच्या चवीचा सूर बिघडतो.

ह्याच चौकटीत प्रत्येक डोंगराचा स्वभाव वेगळा होतो. बाबा बुदनगिरीची उंच उतारावरील अरेबिका अंगाने भरीव, आंबटपणाने सौम्य आणि गंधाने कोकोकडे झुकणारी असते. कोडगूत देशातील जवळजवळ एक तृतीयांश कॉफी पिकते. तेथे अरेबिका आणि रोबस्टा दोन्ही आहेत, आणि बागांतून मिरी, वेलदोडा व संत्री ह्यांची सोबत आहे. वायनाड मुख्यतः रोबस्टाचा. रोबस्टाला ऊब मानवते. तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट, साखर कमी, चव कडवट आणि जाडसर. तिला हिणविण्याचा प्रघात आहे. परंतु सावलीत वाढविलेली आणि काळजीने धुतलेली भारतीय रोबस्टा इटलीतील एस्प्रेसोच्या मिश्रणात मानाने घेतली जाते, आणि भारतीय कॉफीच्या ग्राहकांत इटली अग्रभागी आहे. अरकूची कथा आणखी निराळी. पूर्व घाटातील ह्या खोऱ्यात आदिवासी कुटुंबे लहान लहान तुकड्यांवर अरेबिका घेतात. डोंगरउतार जाळून फिरती शेती करण्याच्या 'पोडू' पद्धतीला पर्याय म्हणून ही लागवड तेथे वाढली. म्हणजे तेथील कॉफीने चवीबरोबर काही अंशी जंगलाचेही रक्षण केले आहे.

येथवर भूमीचे बोलणे झाले. पण फळ तोडले म्हणजे भूमीचे काम संपले असे नाही. माणसाच्या हातांमधून ती पुढेही बोलत राहते. फळातून बी काढण्याच्या मुख्य रीती दोन. एकीत पिकलेले फळ सोलून, बीवरचा बुळबुळीत थर एकदोन दिवस आंबवून, मग स्वच्छ पाण्याने धुऊन बी वाळवितात. ह्या रीतीने चव निर्मळ आणि रेखीव होते. दुसरीत सबंध फळच उन्हात वाळवितात; गराची गोडी आणि आंबलेपणा बीत मुरतो आणि चव जड, मधुर होते. भारतीय व्यापारात धुतलेल्या अरेबिकाला प्लँटेशन, धुतलेल्या रोबस्टाला पार्चमेंट आणि फळासह वाळविलेल्या कॉफीला चेरी म्हणतात. कोणता देश कोणती रीत उचलील, हेही हवापाणीच ठरविते. येमेनमध्ये पाण्याचे दुर्भिक्ष, म्हणून तेथे फळ उन्हात वाळविण्याची परंपरा. सुमात्रात पाऊस इतका, की बी पुरती वाळण्याची वाटच पाहता येत नाही. म्हणून ती ओलसर असतानाच तिचे कवच काढतात आणि उघडी बी वाळवितात. सुमात्राच्या कॉफीचा ओल्या मातीसारखा, रानासारखा भारदस्त स्वाद मुख्यतः ह्या रीतीतून येतो.

हवा आणि माणूस ह्यांच्या ह्या भागीदारीचे सर्वांत विलक्षण उदाहरण मात्र भारताच्याच पश्चिम किनाऱ्यावर आहे. शिडांच्या जहाजांच्या काळात मंगळूर, तलश्शेरीसारख्या बंदरांतून निघालेली कॉफी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून कित्येक महिन्यांनी युरोपात पोहोचत असे. लाकडी जहाजाच्या पोटात समुद्राची दमट हवा त्या दाण्यांना लागे. निघताना हिरवट असलेला दाणा पोहोचेपर्यंत फुगून फिकट सोनेरी होई आणि त्याचा आंबटपणा जवळजवळ नाहीसा होई. युरोपातील ग्राहकांच्या जिभेवर हीच चव बसली. भारतीय कॉफी अशीच असते, अशी त्यांची समजूत झाली. पुढे १८६९ साली सुएझचा कालवा उघडला, वाफेची जहाजे आली, प्रवास काही आठवड्यांवर आला, आणि दाणे हिरवेच्या हिरवे पोहोचू लागले. ग्राहकांना ते रुचेनात. वेगाने माल लवकर पोहोचविला खरा, पण वाटेत चव हरवली.

तेव्हा किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांनी हरवलेला प्रवास वखारीतच घडवून आणला. फळासह वाळविलेल्या कॉफीचे निवडक दाणे जून महिन्यात मोकळ्या बाजूंच्या वखारींत फरशीवर पसरतात. नैर्ऋत्येचा पावसाळी वारा त्यांच्यावरून वाहू देतात, पण पावसाचा थेंब लागू देत नाहीत. दाणे वरचेवर दाताळ्याने हलवितात. मग सैलसर पोत्यांत भरून, मधून वारा खेळेल अशा रीतीने ओळीने रचतात. पुन्हा ओततात, पुन्हा भरतात. तीनचार महिन्यांनी, पाऊस ओसरताना, दाणे टपोरे आणि सोनेरी झालेले असतात. हीच मॉन्सून्ड मलबार कॉफी. तिची चव कोणत्याही एका मळ्याची नव्हे. ती सागरी वाऱ्याची, चार महिन्यांच्या दमटपणाची आणि ते दाणे परतत राहणाऱ्या हातांची चव आहे. हा वारा दुसरीकडे नाही, म्हणून ही कॉफीही दुसरीकडे होत नाही.

उंच डोंगरापासून किनाऱ्यावरच्या वखारीपर्यंत पाहिले, तर ह्या सर्व उदाहरणांत एकच सूत्र दिसते. उंची फळाला वेळ देते. सावली वेळ देते. पिकलेले तेवढेच फळ निवडून तोडणारा हात वेळ देतो. पावसाळी वारादेखील वेळच देतो. भूमीने बीला दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे पिकण्यासाठी आणि मुरण्यासाठी दिलेली ही सवड होय. आणि नेमकी हीच देणगी आता महाग होत चालली आहे.

ज्या १८६९ साली सुएझ उघडला, त्याच साली श्रीलंकेत कॉफीच्या पानांवर तांबेरा रोग प्रथम दिसला. पुढील दोन दशकांत तेथील कॉफीचा व्यवसाय कोसळला आणि बेट चहाकडे वळले. भारतातही त्याची झळ पोहोचली. रोगाला तोंड देऊ शकणारी रोबस्टा ह्याच संकटामुळे पुढे आली. कर्नाटकातील बाळेहोन्नूर येथे १९२५ साली सुरू झालेल्या संशोधन केंद्राने तांबेऱ्याला काही प्रमाणात दाद न देणारी आणि तरीही चवदार अशी अरेबिकाची वाणे निर्माण केली; त्यांतील एस. ७९५ हे वाण आजही बागांतून मोठ्या प्रमाणावर आहे. परंतु अरेबिकाचा दुसरा शत्रू, पांढरा खोडकिडा, अजून पुरता आवरलेला नाही. ह्या भुंग्याची मादी उन्हाने तापलेल्या खोडावर अंडी घालणे पसंत करते. सावली दाट असली तर त्याचा उपद्रव आटोक्यात राहतो. सावली विरळ झाली की तो फैलावतो. म्हणजे जी सावली चव घडविते, तीच झाडाला जगविते.

तरीही सावली विरळ होत आहे. जुन्या देशी वृक्षांच्या जागी सिल्व्हर ओक येतो, कारण तो झपाट्याने सरळ वाढतो, मिरीच्या वेलाला खांब होतो आणि त्याचे लाकूड विकणे सोपे जाते. अरेबिकाच्या जागी रोबस्टा येते, कारण तिला धोका कमी आणि अलीकडील वर्षांत भाव चढा. आज देशातील एकूण कॉफीपैकी सुमारे सत्तर टक्के रोबस्टाच आहे. शेतकऱ्याला ह्यात दोष देता येत नाही. भारतातील कॉफीधारकांपैकी जवळजवळ सर्वच, शंभरात अठ्ठ्याण्णव, दहा हेक्टरांच्या आतले लहान बागाईतदार आहेत. एका फांदीवरची लाल फळे तेवढी वेचून हिरवी मागे ठेवायची, आणि असे तीनचार फेरे करायचे, तर मजुरी लागते. मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत. मग एकाच फेऱ्यात फांदी ओरबाडली जाते, आणि कच्च्या फळाचा तुरटपणा पक्व फळाच्या चवीत मिसळतो.

त्यातच पावसाचे वेळापत्रक बिघडले आहे. फुलोऱ्याची सर चुकते, आणि काढणीच्या कोरड्या दिवसांत अवेळी पाऊस येऊन पिकलेली फळे फुटतात, गळतात. ऑगस्ट २०१८ मध्ये कोडगूत अतिवृष्टीने डोंगर खचले आणि कॉफीच्या बागा माणसांच्या घरांसह वाहून गेल्या. ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये दरड कोसळली आणि शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. अशा प्रसंगी चवीची गोष्ट काढणे गौण वाटेल. परंतु ज्या उतारावर चव पिकते, त्याच उताराच्या स्थैर्याचा हा प्रश्न आहे. मुळांनी माती धरून ठेवणारे वृक्ष आणि फळाला सावली देणारे वृक्ष निराळे नसतात.

ह्या प्रदेशांची ओळख जपण्याचे काही प्रयत्न झाले आहेत. २०१९ साली कूर्ग अरेबिका, चिकमगळूर अरेबिका, बाबा बुदनगिरी अरेबिका, वायनाड रोबस्टा आणि अरकू खोऱ्याची अरेबिका ह्या पाच कॉफींना भौगोलिक निर्देशनाची मान्यता मिळाली. मॉन्सून्ड मलबारला ती त्यापूर्वीच मिळालेली होती. ह्या मान्यतेमुळे नावाचे रक्षण होते. कोणी दुसऱ्याने ते नाव लावू नये, एवढे कायदा पाहू शकतो. परंतु नावामागची चव टिकविणे कायद्याच्या हाती नाही. ते काम बागाईतदाराचे, आणि काही अंशी पिणाऱ्याचेही आहे.

पिणाऱ्याचे कसे, ते पाहण्यासारखे आहे. भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी मोठा भाग परदेशी जातो. देशात जी राहते, तिची पुष्कळदा काळपट होईतो भाजणी होते, आणि तिच्यात चिकोरीच्या भाजलेल्या मुळांची पूड मिसळली जाते. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असली म्हणजे पुरे. दक्षिणेतील पितळी फिल्टरमधून थेंबथेंब उतरलेला दाट अर्क, वर फेसाळ दूध, हा आस्वादाचा एक स्वयंपूर्ण प्रकार आहे, आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मराठी घरांतून पाहुण्यापुढे येणारी जायफळ-वेलदोड्याची दुधाळ कॉफी, हीही एक प्रेमळ परंपरा. मात्र गडद भाजणी, चिकोरी, दूध, साखर आणि जायफळ ह्या पाच पडद्यांआडून डोंगराचे दर्शन होणे कठीण. दर्शन नाही, म्हणून ओढ नाही. ओढ नाही, म्हणून मागणी नाही. आणि मागणी नाही, तर फेऱ्यामागून फेरा करून लाल फळे वेचणाऱ्याला त्या कष्टाचे मोल कोण देणार?

आता परिस्थिती थोडी पालटू लागली आहे. एकाच डोंगराची, एकाच बागेची, बेताने भाजलेली कॉफी, उंचीची आणि वाणाची नोंद असलेल्या पाकिटांतून, देशातल्या देशात मिळू लागली आहे. तिची किंमत अधिक पडते. परंतु त्या किमतीत उंबराची आणि फणसाची सावली आहे, महिनाभर अधिक झाडावर राहिलेले फळ आहे, आणि हिरवे फळ मागे ठेवून लाल तेवढे वेचणाऱ्या हाताची मजुरी आहे.

चव ही जमिनीत पुरून ठेवलेली ठेव नव्हे, की खणली म्हणजे हाती लागावी. ती दर वर्षी नव्याने मिळवावी लागते. सात बियांपासून सुरू झालेली ही गोष्ट तीनशे वर्षांहून अधिक काळ त्या डोंगरांनी आणि त्यांवर राबणाऱ्या माणसांनी चालविली. देवगडचा आंबा हाती आला, की मराठी मनुष्य तो आधी नाकाशी नेतो, देठाजवळचा वास घेतो आणि मगच सुरी लावतो. एखाद्या सकाळी कॉफीचा पेला पुढे आला असता, दूध-साखर घालण्यापूर्वी, तोच मान त्यालाही द्यावा. बाबा बुदनगिरीच्या उतारावरचा एक सबंध हंगाम त्या वाफेत असेल.